एक नाव, चार दुर्गा

मराठी घरात कुणी नुसते ‘दुर्गाबाई’ असे म्हटले, तर ऐकणाऱ्याच्या मनात कोणती व्यक्ती उभी राहील, हे त्याच्या आवडीनिवडीवर अवलंबून असते. वाचनाची गोडी असलेल्याला ‘ऋतुचक्र’ आणि ‘व्यासपर्व’ लिहिणाऱ्या दुर्गा भागवत आठवतात. जुन्या बोलपटांच्या चाहत्याला ‘अयोध्येचा राजा’मधील तारामती, म्हणजे दुर्गा खोटे दिसू लागतात. समाजकार्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला दुर्गाबाई देशमुख यांचे स्मरण होते. आणि भगतसिंग, राजगुरू यांच्या कथा ज्याने मन लावून वाचल्या आहेत, त्याला ‘बाई’ न म्हणता ‘भाभी’ म्हणाव्याशा वाटणाऱ्या दुर्गावतीदेवी व्होरा आठवतात.

या चौघींच्या जन्मतारखा एकाखाली एक मांडल्या, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. दुर्गा खोटे यांचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा, दुर्गाभाभींचा ७ ऑक्टोबर १९०७ चा, दुर्गाबाई देशमुख यांचा १५ जुलै १९०९ चा आणि दुर्गा भागवत यांचा १० फेब्रुवारी १९१० चा. थोरल्या आणि धाकट्या दुर्गेत जेमतेम पाच वर्षांचे अंतर. एक मुंबईची, एक अलाहाबादकडची, एक गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीची आणि एक इंदूरची. चौघींच्या भाषा निराळ्या, घरांची रीत निराळी, पुढची क्षेत्रेही निराळी. तरी ज्या काळाने त्यांना घडवले, तो काळ मात्र एकच होता.

तो काळ मुलींना मोठाली नावे देणारा होता. दुर्गा म्हणजे जिच्यापर्यंत पोहोचणे अवघड, जी सहजी जिंकता येत नाही अशी. ‘दुर्ग’ आणि ‘दुर्गम’ हे शब्द याच कुळातले. असे नाव धारण करणाऱ्या मुलीला घरात मात्र ‘परक्याचे धन’ म्हणूनच वाढवले जाई. आठव्या-दहाव्या वर्षी तिचे लग्न होई, शाळा सुटे, आणि पुढे दैवाने पाठ फिरवली, तर तिच्या हाती ना विद्या असे, ना स्वतःचा पैसा. मुलीच्या विवाहाचे किमान वय १४ ठरवणारा शारदा कायदा १९२९ साली संमत झाला, तोवर या चारही दुर्गा वयाने मोठ्या झालेल्या होत्या. नाव देवीचे आणि वाटा बंद, अशा त्या स्थितीतून त्यांनी आपापली वाट कशी काढली, हे पाहण्यासारखे आहे.

दुर्गा खोटे : प्रतिष्ठा आणि पोट

मूळच्या गोव्याकडील आणि मुंबईत स्थिरावलेल्या लाड या सुखवस्तू, सुशिक्षित घराण्यात दुर्गा खोटे यांचा जन्म झाला. कॅथीड्रल शाळा आणि सेंट झेवियर महाविद्यालय असे त्या वेळच्या मुलींना दुर्मीळ असलेले शिक्षण त्यांना लाभले. महाविद्यालयात असतानाच विश्वनाथ खोटे यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सासरही संपन्न होते. पण संपत्ती स्थिर नसते, हा अनुभव त्यांना लवकर आला. सासरची आर्थिक घडी विस्कटली, तरुणपणीच वैधव्य आले आणि बकुल व हरिन या दोन मुलांना वाढवण्याचा भार एकटीवर पडला.

अशा वेळी सुशिक्षित घरातील स्त्रीने काय करावे, याची उत्तरे समाजाकडे ठरलेली असत : माहेरी जावे, दिराच्या आश्रयाला राहावे, फार तर शिकवण्या कराव्यात. चित्रपटाचे नाव कुणी काढले नसते. पडद्यावर काम करणे ही गोष्ट कुलीन घरात उच्चारण्याजोगी नव्हती आणि स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करण्याची रंगभूमीवरील प्रथा लोकांच्या स्मरणात ताजी होती. १९३१ साली ‘फरेबी जाल’ या चित्रपटात त्यांनी लहानशी भूमिका केली. चित्रपटावर टीका झाली आणि ‘खोट्यांची सून पडद्यावर’ या चर्चेने घरच्यांना मनस्ताप झाला. एखादी बाई तिथेच थांबली असती. पण पुढच्याच वर्षी, १९३२ साली, कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीच्या ‘अयोध्येचा राजा’ या मराठी बोलपटात व्ही. शांताराम यांनी त्यांना तारामतीची भूमिका दिली. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. सर्वस्व गमावूनही न खचणारी ती राणी प्रेक्षकांनी डोक्यावर घेतली. निंदा करणाऱ्यांपैकी कित्येकांनी तोच बोलपट सहकुटुंब पाहिला.

पुढे त्यांनी आणखी एक धाडस केले. त्या काळी नट-नटी एका कंपनीत मासिक पगारावर बांधलेले असत. दुर्गाबाईंनी एकाच कंपनीशी बांधून न घेता प्रभात, कलकत्त्याची न्यू थिएटर्स, ईस्ट इंडिया अशा निरनिराळ्या संस्थांसाठी कामे केली. देवकी बोस यांच्या ‘राजरानी मीरा’ आणि ‘सीता’ या चित्रपटांतील त्यांच्या प्रमुख भूमिका याच काळातल्या. आपल्या श्रमाचे मोल आपण ठरवायचे, हा त्यांचा बाणा होता. १९३६ च्या ‘अमर ज्योती’त पोटच्या मुलाचा ताबा नाकारल्या गेलेल्या आणि सूडाने सागरावर उतरलेल्या सौदामिनीची भूमिका त्यांनी केली. १९३७ साली ‘साथी’ या चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शन केले. रंगभूमीवर ‘राजमुकुट’ या शिरवाडकरांच्या नाटकात त्या लेडी मॅक्बेथच्या तोलाची भूमिका करून गेल्या. ‘मुघल-ए-आझम’मधील जोधाबाई आणि ‘बिदाई’मधील आई नव्या पिढीच्याही ओळखीची आहे. १९६८ साली पद्मश्री आणि १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

पुरस्कारांहून मोठी गोष्ट वेगळीच आहे. चरितार्थासाठी प्रामाणिकपणे केलेले काम कुलाला बट्टा लावत नाही, हे त्यांनी वादविवाद न करता, केवळ आपल्या वागण्याने सिद्ध केले. त्यांच्यानंतर चित्रपटात आलेल्या कितीतरी सुशिक्षित मुलींना घरून परवानगी मिळाली, त्यामागे हे उदाहरण होते.

दुर्गाभाभी : लाहोरहून कलकत्त्याला

दुसरी दुर्गा अकराव्या वर्षी लग्न होऊन लाहोरच्या व्होरा कुटुंबात आली. पती भगवतीचरण व्होरा हे क्रांतिकारकांच्या वर्तुळातील विचारवंत म्हणून ओळखले जात. त्यांच्या घरी येणारे भगतसिंग, सुखदेव आदी तरुण तिला ‘भाभी’ म्हणू लागले आणि तेच तिचे नाव झाले.

१७ डिसेंबर १९२८ रोजी लाहोरात सॉन्डर्स या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचा वध झाला. शहराची नाकेबंदी झाली, रेल्वे स्थानकावर कडक पहारा बसला. पोलीस एका केसधारी शीख तरुणाच्या शोधात होते. भगवतीचरण त्या वेळी कलकत्त्यात होते. घरी होती ती एकवीस वर्षांची दुर्गा आणि तिचा तीन वर्षांचा मुलगा सचिन. भगतसिंगांना शहराबाहेर काढायचे होते. घरखर्चासाठी पतीने ठेवलेले पैसे तिने काढून दिले आणि स्वतःही निघाली. दाढी-केस काढून फेल्ट हॅट आणि कोट चढवलेले भगतसिंग ‘साहेब’ झाले, ती त्यांची ‘पत्नी’ झाली, सचिन कडेवर होता, आणि पुणे जिल्ह्यातील खेडचे शिवराम हरी राजगुरू सामान वाहणारे ‘नोकर’ झाले. पहारेकऱ्यांच्या डोळ्यांदेखत हे ‘कुटुंब’ गाडीत बसले.

या प्रसंगाची कथा सांगताना बहुधा भगतसिंगांच्या वेषांतराचे कौतुक होते. पण क्षणभर त्या आईच्या जागी उभे राहून विचार करावा. परपुरुषाची पत्नी म्हणून प्रवास करायचा, तोही पतीला विचारण्याची सोय नसताना. गोळीबार झाला तर मांडीवरच्या लेकराचे काय, याचे उत्तर कुणाकडेच नव्हते. तिने लोकापवादाचे आणि जिवाचे, असे दोन्ही भय एकाच वेळी बाजूला ठेवले. कलकत्त्यात भगवतीचरणांनी तिच्या या निर्णयाचा अभिमानच बाळगला.

पुढचा काळ फार कठीण गेला. २८ मे १९३० रोजी रावी नदीच्या काठी बॉम्बची चाचणी घेताना भगवतीचरण स्फोटात मृत्यू पावले. ७ ऑक्टोबर १९३० रोजी, म्हणजे तिच्या वाढदिवशीच, भगतसिंग, राजगुरू आणि सुखदेव यांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. त्याच महिन्यात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर एका इंग्रज पोलीस अधिकाऱ्यावर झालेल्या गोळीबारात तिचा सहभाग होता.

मात्र दुर्गाभाभींच्या आयुष्याचा उत्तरार्ध फारसा सांगितला जात नाही. सारे सहकारी गेले. राजकारणात पद मिळवणे त्यांना अशक्य नव्हते, पण त्या तिकडे वळल्या नाहीत. मद्रासला जाऊन त्यांनी माँटेसरी पद्धतीचे शिक्षण घेतले आणि १९४० साली लखनौमध्ये मोजक्या मुलांना घेऊन बालशाळा सुरू केली. ज्या हातात पिस्तूल होते, त्या हातात लाकडी ठोकळे आणि मण्यांच्या माळा आल्या. ती शाळा वाढली, नावारूपाला आली. १५ ऑक्टोबर १९९९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, गाझियाबाद येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा देशाला त्याची फारशी खबरही नव्हती.

दुर्गाबाई देशमुख : प्रवेशद्वारावरची मुलगी

तिसऱ्या दुर्गेचे लग्न आठव्या वर्षी झाले. जाणत्या वयात आल्यावर तिने हे लग्न मान्य करून सासरी नांदायला जाण्यास नकार दिला. शंभर वर्षांपूर्वी, आंध्रातील एका गावात, पंधराएक वर्षांच्या मुलीने असे म्हणणे ही साधी बाब नव्हती. तिचे वडील आणि भाऊ तिच्या पाठीशी उभे राहिले, ही या कथेतील तितकीच महत्त्वाची बाब आहे. इंग्रजी माध्यमाच्या सक्तीच्या निषेधार्थ तिने बाराव्या वर्षी शाळा सोडली होती आणि राजमहेंद्रीत मुलींसाठी हिंदी पाठशाळा काढली होती. शाळा सोडणारी मुलगी शाळा चालवू लागली.

१९२३ साली काकीनाडा येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथल्या खादी प्रदर्शनाच्या प्रवेशद्वारावर चौदा वर्षांची दुर्गा स्वयंसेविका होती. तिकिटाशिवाय कुणालाही आत सोडायचे नाही, अशी तिला सूचना होती. जवाहरलाल नेहरू तिकिटाविना आले, तेव्हा तिने त्यांनाही अडवले. संयोजक धावत आले, रागावले. आपण दिलेल्या सूचनेचे पालन करीत आहोत, एवढेच तिने सांगितले. अखेर तिकीट काढल्यावरच नेहरूंना प्रवेश मिळाला आणि त्यांनी या मुलीच्या कर्तव्यनिष्ठेची प्रशंसा केली. नियम लहानथोर पाहत नाही, ही शिस्त पुढे तिच्या प्रत्येक कामात दिसली.

१९३० ते १९३३ या काळात सत्याग्रहात त्यांना तीनदा तुरुंगवास घडला. तेथे गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा भोगणाऱ्या स्त्रिया त्यांना भेटल्या. आपल्यावर कोणता आरोप आहे, बचाव कसा करायचा, हेही त्यांच्यापैकी अनेकींना ठाऊक नव्हते. त्यांच्यासाठी कुणी वकील उभा राहिला नव्हता. आपण कायदा शिकायचा, हा निश्चय दुर्गाबाईंनी तुरुंगातच केला. शाळा बाराव्या वर्षी सुटलेली. बनारस हिंदू विद्यापीठातून मॅट्रिक, आंध्र विद्यापीठातून राज्यशास्त्रात एम. ए. आणि मद्रासहून १९४२ साली कायद्याची पदवी, असा तो प्रवास त्यांनी पूर्ण केला. याच धामधुमीत १९३७ साली त्यांनी आंध्र महिला सभेची स्थापना केली. अर्धवट शिक्षण सुटलेल्या प्रौढ स्त्रियांना परीक्षांसाठी तयार करणे, हे त्या संस्थेचे एक मोठे काम होते. स्वतःला जी अडचण आली, तिच्यावर त्यांनी इतरांसाठी उपाय उभा केला.

संविधान सभेत पंधरा स्त्रिया होत्या. दुर्गाबाई त्यांच्यापैकी एक आणि सभेच्या अध्यक्षमंडळातील एकमेव स्त्री. १९५२ साली त्या नियोजन मंडळाच्या सदस्य झाल्या. १९५३ साली केंद्रीय समाजकल्याण मंडळाच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. १९५८ साली नेमलेल्या राष्ट्रीय स्त्रीशिक्षण समितीचे काम त्यांच्याच अध्यक्षतेखाली चालले. कौटुंबिक वादांसाठी स्वतंत्र न्यायालये असावीत, हा आग्रह त्यांनी अनेक वर्षे धरला. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांच्याशी त्यांनी याबाबत विचारविनिमय केला होता. कुटुंब न्यायालयांचा कायदा १९८४ साली झाला, तेव्हा मात्र त्या हयात नव्हत्या.

त्यांच्या नावातील ‘देशमुख’ महाराष्ट्राचे आहे. रायगड जिल्ह्यातील महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख हे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतरचे केंद्रीय अर्थमंत्री. जानेवारी १९५३ मध्ये दोघांचा विवाह झाला. साक्षीदारांत पंतप्रधान नेहरू होते. काकीनाड्याच्या दारात अडवले गेलेले हेच ते पाहुणे. देशाच्या पैशाचा हिशोब ठेवणारा माणूस आणि देशातील निराधारांचा हिशोब ठेवणारी स्त्री, असा तो संसार होता. मुंबईच्या प्रश्नावर चिंतामणरावांनी १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, हे मराठी माणूस विसरलेला नाही. १९७५ साली दुर्गाबाईंना पद्मविभूषण मिळाले. ९ मे १९८१ रोजी त्यांचे निधन झाले.

दुर्गा भागवत : ग्रंथालयातून तुरुंगात

चौथी दुर्गा चौघींत वयाने लहान. घर विद्येचे. त्यांची धाकटी बहीण कमला सोहोनी हिने केंब्रिज विद्यापीठातून १९३९ साली विज्ञानात डॉक्टरेट मिळवली. ती मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. दुर्गाबाईंनी अविवाहित राहून अध्ययनाला आयुष्य वाहिले. बौद्धकालीन कायदेपद्धतीवर त्यांनी प्रबंध लिहिला. पुढे मध्य प्रांतातील आदिवासींच्या जीवनाचा अभ्यास करण्यासाठी त्या जंगलात हिंडल्या. तिथे विषारी सुरण खाण्यात आल्याने त्या कित्येक वर्षे आजारी राहिल्या आणि डॉक्टरेट हातून निसटली. पदवी राहिली, विद्या मात्र राहिली नाही. ‘लोकसाहित्याची रूपरेषा’, ‘ऋतुचक्र’, ‘व्यासपर्व’, ‘पैस’ अशी पुस्तके त्यांनी मराठीला दिली. ‘पैस’ला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जातककथांचे अनुवाद करणाऱ्या या विदुषीने ‘खमंग’ हे पाककृतींचे पुस्तकही तितक्याच रसिकतेने लिहिले. स्वयंपाकघर आणि अभ्यासिका ही दोन वेगळी जगे आहेत, असे त्यांना कधी वाटले नाही.

डिसेंबर १९७५ मध्ये कराड येथे ५१ वे मराठी साहित्य संमेलन भरले. देशात आणीबाणी होती. दुर्गाबाई अध्यक्ष होत्या. हा मान मिळालेल्या त्या दुसऱ्या स्त्री, पहिल्या कुसुमावती देशपांडे. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, केंद्र सरकारातील ज्येष्ठ मंत्री. सभागृहात भीती होती आणि सौजन्याचा संकेतही होता. दुर्गाबाईंनी आजारी असलेल्या जयप्रकाश नारायण यांच्या प्रकृतीसाठी त्या व्यासपीठावरून प्रार्थना करायला लावली आणि लेखनस्वातंत्र्यावरील बंधनांचा स्पष्ट निषेध केला. पासष्ट वर्षांच्या, कोणत्याही पक्षात नसलेल्या, पुस्तकांत रमणाऱ्या बाईने हे केले. १९७६ साली पोलिसांनी त्यांना अटक केली ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयात, म्हणजे त्यांच्या नेहमीच्या जागी. तुरुंगातून सुटल्यावर त्यांनी सरकारी सन्मान न स्वीकारण्याचा नेम अखेरपर्यंत पाळला. ७ मे २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

चौघींतील समान धागा

चौघींचा एकत्रित विचार केला, तर काही गोष्टी स्पष्ट होतात. पहिली गोष्ट विद्येची. दुर्गा खोटे यांचे शिक्षण अडचणीच्या वेळी त्यांच्या आत्मविश्वासाचा आधार झाले. दुर्गाभाभी आणि दुर्गाबाई देशमुख यांनी सुटलेला धागा मोठेपणी पुन्हा हाती घेतला आणि दोघींनीही पुढे इतरांसाठी शाळा उभारल्या. दुर्गा भागवत यांची तर सारी हयात ग्रंथांत गेली.

दुसरी गोष्ट निर्णयाची. चौघींच्या आयुष्यात एकेक क्षण असा आला, की लोक काय म्हणतील, या प्रश्नाला त्यांना बाजूला सारावे लागले. एकीने पडद्यावर पाऊल ठेवले, एकीने गाडीच्या डब्यात, एकीने सासरी जाणारे पाऊल मागे घेतले, आणि एकीने व्यासपीठावर ते घट्ट रोवले. त्यांपैकी कुणीही उपदेश करीत बसली नाही. निर्णय घेतला, त्याची किंमत मोजली आणि पुढच्या कामाला लागली.

तिसरी गोष्ट बहुधा दुर्लक्षित राहते. दुर्गा खोटे यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘मी, दुर्गा खोटे’ असे नाव दिले. दुर्गाबाई देशमुख यांच्या आत्मकथनाचे नाव आहे ‘चिंतामण अँड आय’, म्हणजे ‘चिंतामण आणि मी’. ज्या पिढीतील स्त्रिया अमक्याची मुलगी किंवा तमक्याची पत्नी म्हणून ओळखल्या जात, त्या पिढीतील या दोघींनी मुखपृष्ठावर ‘मी’ हा शब्द छापला. त्यात गर्व नव्हता, सही करताना माणसाला जो अधिकार वाटतो, तो होता.

मात्र या यशाचे श्रेय केवळ त्यांच्या जिद्दीला देऊन मोकळे होता येणार नाही. आठव्या वर्षी लग्न झालेली प्रत्येक दुर्गा संविधान सभेपर्यंत पोहोचली नाही. जिच्या वडिलांनी आणि भावाने तिचा नकार ऐकून घेतला, ती पोहोचली. त्याच वर्षांत, त्याच नावाच्या असंख्य मुली चुलीपाशी आणि बाळंतपणात संपून गेल्या. त्यांच्यातही एखादी लेखिका असेल, एखादी वकील असेल. त्यांची नोंद कुठेच झाली नाही.

आजही बारशाला आत्याबाई बाळाच्या कानाशी ‘कुर्र’ करून नाव सांगतात आणि घुगऱ्या वाटल्या जातात. नाव दुर्गा असो, राजमती असो की आर्या. आत्याबाईंचे काम तिथे संपते. घराचे काम तिथून सुरू होते. मुलीच्या शिक्षणाची फी भावाच्या फीइतक्याच तत्परतेने भरली जाते का, तिच्या नावावर तिच्या सहीने चालणारे खाते आहे का, आणि ती ‘नाही’ म्हणाली तर घरातले मोठे क्षणभर थांबून ऐकतात का, एवढे तीन प्रश्न प्रत्येक घराने स्वतःला विचारले, तरी पुढची दुर्गा कुठे घडते आहे, याचा शोध फार दूर घ्यावा लागणार नाही.